वीतभर अलीकडे

दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी आठ वाजता आमच्या गावच्या पिठाच्या गिरणीची मागची भिंत गिरणीच्या मालकांनी स्वतःच्या हाताने पाडायला घेतली. भिंत विटांची होती. आठ वर्षांपूर्वी त्यांनीच ती बांधली होती. दुपारी दोनच्या सुमारास ती जमिनीबरोबर झाली. मदतीला आलेल्यांना त्यांनी पहारीला हात लावू दिला नाही. दळण घेऊन आलेल्या बायका डबे तसेच घेऊन परत गेल्या. भिंत का पाडली, हे त्या दिवशी गावात दोघांनाच माहीत होते. एक ते स्वतः आणि दुसरा मी.

गाव नाशिक रस्त्यापासून थोडे आत, जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या शिवेवर. मालकांना सगळे आबा म्हणत. ते मात्र सगळ्यांना पावणं म्हणत. गिऱ्हाइकाला पावणं, सरपंचाला पावणं, स्वतःच्या दोन्ही मुलांनाही पावणं. बायको हयात होती तोवर तिलाही ते तशीच हाक मारीत आणि ती "ह्या पावण्याला कवा येकदा घरी धाडत्यात कुनास ठावं," असे उत्तर देई. दोघेही हसत नसत.

आबा अंगाने बारीक, उंचीने कमी. भुवया पिठाने पांढऱ्या. वयाच्या पन्नाशीनंतर पिठाने त्यांची छाती धरली आणि बोलताना मध्येच थांबावे लागू लागले. थांबले की ते एक बोट वर करीत. बोट खाली येईपर्यंत समोरच्याने बोलायचे नाही, असा त्याचा अर्थ होता.

बंडीच्या खिशात एक सुतळी कायम असे. सगळे माप ते सुतळीने नाहीतर हाताने घेत. पोत्याची उंची, दाराची रुंदी, नव्या माणसाचा हात. आमच्याकडे नवा तलाठी आला तेव्हा आबांनी नमस्कार करायच्या आधी त्याच्या दंडापासून बोटापर्यंत सुतळी लावली आणि म्हणाले, "हात चांगला हाय. वाया गेला." तलाठ्याला काही कळले नाही. आम्हाला कळले. कबड्डीला हात लांब लागतो.

गावचा कबड्डीचा संघ आबांचा होता. म्हणजे मंडळ होते, अध्यक्ष होता, पावतीपुस्तकही होते, पण मैदान गिरणीच्या मागे होते आणि आबा सांगतील तो खेळे. मी चार वर्षे डावा कोपरा खेळलो. नंतर गुडघा गेला आणि तालुक्याच्या बातम्या पाठवू लागलो. त्यानंतरही संघाबरोबर जाणे सुटले नाही. सामन्याचे गुण मी लिहून घेत असे.

कबड्डीत चढाईला गेलेल्या गड्याला एका दमात समोरच्या कुणाला तरी शिवून परत यायचे असते. त्याला धरले, पाडले, अंगावर चौघे पडले, तरी त्याचे एक बोट मधल्या रेघेला लागले की तो वाचतो आणि धरणारे बाद होतात. आबांचे सगळे शिकवणे त्या एका बोटासाठी होते.

गिरणीच्या त्या मागच्या भिंतीवर त्यांनी कोळशाने आडव्या रेघा काढल्या होत्या. प्रत्येक गड्याला भिंतीलगत पालथे झोपवून पायाच्या अंगठ्यापासून पुढे ताणलेल्या मधल्या बोटापर्यंतची लांबी, आणि वर नाव. अंतिम सामन्याच्या आधीचे आठ दिवस कुणी मधल्या बोटाचे नख कापायचे नाही, असा नियम होता. "नख बी मापात धरलंय मी," ते म्हणत. त्यावरून आमच्या उजव्या मध्यरक्षकाचे लग्नाच्या हळदीत बायकांशी भांडण झाले होते. त्याने नखे कापू दिली नाहीत.

सराव डोळे बांधून होई. गिरणीकडच्या शेवटच्या रेघेवर पाय ठेवायचा, डोळ्यांवर टॉवेल बांधायचा, तीन पावले आणि झेप. बोट मधल्या रेघेवर पडले पाहिजे. अलीकडे पडले तर पुन्हा. पलीकडे पडले तरी पुन्हा.

"पलीकडं गेलो तर काय बिघडलं आबा?" एकदा मी विचारले.

"येवढा दम तुजा फुकट गेला. धरनारा त्येवढ्यात तंगडी वडतो." बोट वर गेले, खाली आले. "रेघ डोळ्यानं बगायची न्हाई. गर्दीत रेघ दिसतच न्हाई. रेघ अंगात पायजे."

पन्नास-पन्नास झेपा एका संध्याकाळी. छातीची सालटी जात. पण दोन महिन्यांत कुणाचेही बोट डोळे बांधून बरोबर रेघेवर पडू लागे. उंच गडी असो की बुटका. बाहेरचे लोक हे पाहायला येत आणि पैज लावून हरत.

आणि तरीही आम्ही जिंकत नव्हतो. भिंत बांधायच्या आदल्या वर्षी एकदा जिंकलो होतो. ती ढाल गिरणीत विजेच्या मीटरखाली टांगलेली होती. त्यानंतर आठ वर्षांत सहा वेळा अंतिम सामन्यात गेलो आणि सहाही वेळा शेवटची चढाई रेघेच्या अलीकडे संपली. गडी शिवून आलेला, अंगावर तिघे, हात पुढे ताणलेला, आणि बोटाच्या पुढे वीतभर माती. मग रेघ.

शेवटच्या चढाईला आबा मैदानाकडे पाठ करून उभे राहत. लोकांचा आवाज थांबला की विचारीत, "किती?" मी हाताची वीत ताणून दाखवायचो. ते वळून पाहत, मान हलवीत. गर्दी पांगली की मैदानात उतरत, मातीतल्या बोटांच्या खुणेपासून रेघेपर्यंत सुतळी लावीत आणि तिथे गाठ मारीत. त्या गाठीवर हात फिरवत घरी येत.

आसपासच्या गावांत आमचे नाव 'वीतभर' पडले. बेल्ह्याच्या बैलबाजारात टेम्पोतून उतरलो की व्यापारी ओरडत, "सरका राव, वीतभर जागा द्या, पावणं आल्यात." पेठ गावातला एक चहावाला आम्हाला ग्लास कमी भरून देई आणि म्हणे, "तुमच्याच मापानं भरलाय." आबा तो चहा शांतपणे पीत.

किसनची गोष्ट सांगायची तर या सहांपैकी दुसऱ्या सामन्याची सांगावी लागेल.

किसन आहुप्याकडचा. आमच्या गावात एका नातेवाइकाच्या बागेवर कामाला आला होता. डोंगरात चढून-उतरून पाय असे झालेले की तो वळला हे समोरच्याला तो वळून गेल्यावर कळायचे. भिंत झाल्यानंतर आलेला हा पहिला नवा गडी. दोन वर्षे आबांनी त्याला रोज झेपा मारायला लावल्या. कोळशाच्या रेघांत त्याची रेघ सर्वांत लांब होती. आबा कुणाचे कौतुक करीत नसत, पण किसनची रेघ काढून झाल्यावर त्यांनी ती सुतळीने दोनदा मोजली होती.

बेल्ह्याच्या अंतिम सामन्यात एका गुणाने मागे असताना शेवटची चढाई किसनची होती. त्याने कोपऱ्यातल्या दोघांना शिवले. वळला. तीन पावले, झेप. पायाला एकाने धरले. बोट रेघेच्या वीतभर अलीकडे पडले.

आबांनी "किती?" विचारले. मी वीत दाखवली. ते गर्दी पांगायची वाट न पाहता निवेदकाच्या टेबलाकडे गेले आणि त्याच्या हातातून माइक घेतला. बाजाराचा दिवस होता. मैदानाभोवती बैल घेऊन आलेले लोकही थांबलेले होते.

"ह्या गड्याच्या छातीत भ्याव हाय," आबा म्हणाले. "रेघ आली का ह्यो हात आखडतो. आजपास्नं आमच्यात ह्यो खेळनार न्हाई."

लोक हसले. किसन छातीला माती लागलेला, मैदानाच्या मध्ये उभा राहून ऐकत होता. त्याने खुंटावरचा शर्ट घेतला आणि एसटी थांब्याकडे चालत गेला. बागेवरचे काम त्याने त्याच आठवड्यात सोडले. भिंतीवरच्या त्याच्या नावावर आबांनी कोळशाने काट मारली. आठ दिवसांत माइकवरचे वाक्य डोंगरात पोहोचले. तिकडे त्याला 'आखड्या' म्हणू लागले. पुढे कळले, की होळीला गावात कबड्डी मांडली की तो रानात निघून जाई.

सहावा सामना पेठेला झाला, दसऱ्याच्या सुमारास. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिरणीत गेलो तेव्हा वीज गेलेली होती. आबा पोत्यावर बसले होते. समोर फळीवर सुतळी पसरलेली.

"पावणं, ह्या गाठी बगा जरा."

गाठी सहा होत्या, पण वेगळ्या मोजता येत नव्हत्या. एकीवर एक बसून त्यांचा बोराएवढा गोळा झाला होता.

"सगळ्या येकाच जागी आल्यात," मी म्हणालो.

"गडी किती व्हते?"

"चार. दोघं दोनदा."

त्यांनी मागच्या भिंतीकडे पाहिले. त्या चौघांच्या रेघांत सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड यांच्यात वीतभराहून जास्त फरक होता.

"माणसं येगळी. गावं येगळी. धरनारे येगळे." बोट वर गेले. या वेळी बराच वेळ वर राहिले. "भ्याव हाय म्हनावं, तर चौगांचं भ्याव येकाच मापाचं कसं?"

ते उठले. एक लांब दोरी घेतली आणि आम्ही मागच्या मैदानात गेलो. मधल्या रेघेवर मी टोक धरले. समोरच्या टोकाला चिंचेचे झाड होते, त्या बाजूच्या शेवटच्या रेघेपर्यंत त्यांनी दोरी ताणली आणि तिथे चिमटीत पकडली. मग तीच दोरी मधल्या रेघेपासून गिरणीकडे ताणली. रेघ आली तरी दोरी उरली. उरलेली दोरी त्यांनी हाताने मोजली. एक वीत आणि दोन बोटे.

मग मला आठवले. त्यांना माझ्या आधी आठवले असावे, कारण ते तिथेच मातीत बसले होते. दुसऱ्या चक्कीसाठी गिरणी मागे वाढवली तेव्हा भिंत जुन्या रेघेवर आली होती. भिंतीला गडी धडकू नयेत म्हणून आबांनी रेघ थोडी पुढे घेतली होती. पावसाळ्यापुरती, असे ते तेव्हा म्हणाले होते. पुढे दर वर्षी फक्की त्याच रेघेवर पडत गेली. झेपांचा सराव नेहमी गिरणीकडच्या बाजूला होई, कारण चिंचेकडे मुळ्या होत्या. आठ वर्षे आमचे गडी डोळे बांधून एक वीत दोन बोटे आखूड असलेले अंतर अंगात मुरवत होते, आणि बाहेरच्या पुऱ्या मैदानावर तेवढेच अंतर बिनचूक कापत होते.

"ही भित मी बांदली," आबा म्हणाले.

दिवाळी होईपर्यंत ते या विषयावर बोलले नाहीत. सोमवारी त्यांनी भिंत पाडली. दुसरी चक्की ताडपत्रीखाली गेली आणि पुन्हा सुरू झाली नाही. भिंतीबरोबर सगळी नावेही गेली. काट मारलेल्या नावाची वीट त्यांनी बाजूला काढून ठेवलेली मी पाहिली.

त्याच आठवड्यात त्यांनी मला आहुप्याला यायला सांगितले. घोडेगावाहून एसटी. उतरल्यावर किसनच्या घरापर्यंत थोडा चढ होता. चढावर आबांना सहा वेळा थांबावे लागले. हातातली पिशवी मी मागितली, त्यांनी दिली नाही. पिशवीत वीट होती.

किसन खळ्यावर भात झोडत होता. कानाजवळ केस पांढरे झाले होते. त्याने आम्हाला पाहिले आणि हातातली पेंढी झोडून संपवली. मग दुसरी घेतली. त्याच्या बायकोने घोंगडी टाकली, पाणी दिले आणि आबांचा श्वास ऐकून ती तिथेच उभी राहिली.

"किसन," आबा म्हणाले, "मापात चूक माजी व्हती."

किसन झोडत राहिला.

"मैदान आखूड व्हतं. भित मी रेघंवर बांदली. तू जेवढं शिकला तेवढं बराबर आला व्हता."

"किती?" किसनने विचारले.

"वीत आन् दोन बोटं."

किसनने पेंढी खाली ठेवली. "मंग मी भ्यालो न्हवतो?"

"न्हाई."

"हात आखडला न्हवता?"

"न्हाई."

त्याने पंच्याने तोंड पुसले. पिशवीतून आबांनी वीट काढून खळ्यावर ठेवली. कोळसा पुसट झाला होता, पण नाव आणि त्यावरची काट दिसत होती. किसनने वीट पाहिली, उचलली नाही.

"आबा, तुमी हे बोलला कुटं व्हता?"

"बेल्ह्याला."

"माइकवर. समद्यांम्होरं. बैलं घिऊन आलेली मान्सं बी ऐकत व्हती." तो आवाज चढवून बोलला नाही. "आन् चूक झाली म्हून सांगायला हितं आला. माज्या खळ्यावर. हितं कोन हाय ऐकायला? ही एक. तिला ठावंच हाय."

आबांचे बोट वर गेले नाही. श्वास लागलेला असतानाच ते म्हणाले, "बराबर हाय तुजं."

बायकोने आम्हाला जेवल्याशिवाय जाऊ दिले नाही. नाचणीची भाकरी आणि वालाची आमटी होती. जेवताना किसन माझ्याशी एसटीच्या वेळांबद्दल बोलला. आबांशी बोलला नाही. निघताना आबांनी वीट परत पिशवीत घातली.

बेल्ह्याच्या स्पर्धा त्या वर्षी पौषात झाल्या. आमचा संघ पहिल्याच फेरीत बाहेर पडला. मैदान पुरे झाले होते, पण गड्यांची अंगे जुनीच होती. कुणी अलीकडे पडे, कुणी भीतीने जास्त झेप घेऊन कोसळे. "वीतभर बी ऱ्हायलं न्हाई आता," असे एक बैलवाला ओरडला.

अंतिम सामना संपला आणि बक्षिसे द्यायच्या आधी आबा टेबलाकडे गेले. निवेदकाने त्यांना ओळखले.

"बोला आबा. येळ कमी हाय पर."

"दोनच वाक्यं हायती."

त्यांना दोन वाक्यांना बराच वेळ लागला. माइकमधून शब्दांपेक्षा श्वास मोठा ऐकू येत होता. "सा वर्सांपूर्वी मी हितं किसनला भित्रा म्हनलो. मैदान माजं आखूड व्हतं, आन् गडी बराबर व्हता."

आधी कुणाला समजले नाही. मग हसणे सुरू झाले. "आता मैदान आखूड झालं व्हय!" एक जण म्हणाला. "आबा, फुडल्या साली वारं आडवं व्हतं म्हना!" निवेदकही हसला आणि माइक घ्यायला हात पुढे केला. आबांनी माइक सोडला नाही. एक माणूस आठ वर्षे मापात चुकला आणि ते कुणालाच कळले नाही, यावर ते मैदान विश्वास ठेवायला तयार नव्हते.

बैल बांधले होते त्या बाजूने किसन आला. तो आला आहे हे आम्हाला ठाऊक नव्हते. त्याने चपला काढल्या, शर्ट काढून माझ्या हातात दिला आणि पंचांना विचारले, "हे मैदान पुरं हाय का?"

"टेपनं मोजलंय. नियमापरमानं," पंच म्हणाले.

"टेप लावा पुन्यांदा. समद्यांना दिसू द्या."

पंचांनी मधल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत टेप लावला आणि आकडा मोठ्याने वाचला. साडेसहा मीटर. किसन शेवटच्या रेघेवर जाऊन उभा राहिला. खांद्यावरचा पंचा काढून स्वतःच डोळ्यांवर बांधला. आमचे जुने गडी गर्दीतून पुढे आले. ते काय पाहणार आहेत हे त्यांना कळले होते. निवेदकाने माइक बंद केला.

सहा वर्षांत त्याने एकदाही झेप मारली नव्हती, असे त्याने मला नंतर सांगितले.

आबांनी मैदानाकडे पाठ केली.

तीन पावले. झेप. छाती मातीवर आपटल्याचा आवाज झाला. हात पुढे पूर्ण ताणलेला होता, कोपर सरळ, बोटे सरळ. त्याला कुणीही धरलेले नव्हते. बोटाच्या पुढे माती होती आणि मातीच्या पुढे रेघ.

कुणी हसले नाही. किसन तसाच पडून राहिला, पंचा डोळ्यांवर.

"किती?" आबांनी विचारले.

मी हाताने दाखवले नाही. त्यांच्या बंडीच्या खिशातून सुतळी काढून घेतली. एक टोक पंचांनी रेघेवर धरले. दुसरीकडून मी सुतळी किसनच्या मधल्या बोटापर्यंत ताणली.

गाठींचा गोळा त्याच्या नखाला टेकला.